नको असताना दिवस राहिले तर: सांगली-मिरज भागातल्या बायकांसाठी

पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले की बऱ्याच घरांत आधी पपई येते, मग तीळ-गुळाचा काढा होतो, मग कुणीतरी मेडिकलमधून ‘पाळी यायच्या’ गोळ्या आणून देतं. यात पंधरा दिवस सहज जातात. पपईनं, तिळानं किंवा ‘गरम पडणाऱ्या’ कशानंही राहिलेला गर्भ पडत नाही. त्या गोळ्या बहुधा नॉरेथिस्टेरॉनच्या असतात. तीन-पाच दिवस घेऊन थांबवल्या की पाळी येते, पण दिवस गेलेले नसतील तरच. गेलेले असतील तर काहीच होत नाही. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळीही इथं कामाची नाही. ती गर्भ राहू नये म्हणून असते, राहिल्यावर तिचा परिणाम होत नाही.

हे वाया गेलेले पंधरा दिवस पुढं महाग पडतात. गोळ्यांनी भागेल की सक्शन (नळीनं ओढून गर्भाशय, म्हणजे पिशवी, मोकळी करणं) करावं लागेल, एका डॉक्टरचं मत पुरेल की दोघांचं लागेल, संध्याकाळी घरी जाता येईल की दाखल व्हावं लागेल, हे सगळं दिवसांवर ठरतं. म्हणून दवाखान्यात जायची घाई करा, निर्णयाची नको. लवकर तपासून घेतलं म्हणजे गर्भपात करायचाच असं होत नाही. उलट जी लवकर तपासते तिला विचार करायला जास्त दिवस मिळतात.

आधी तारीख काढा

डॉक्टर गर्भाचे दिवस संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटची पाळी सुरू झाली त्या पहिल्या दिवसापासून मोजतात. इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पाळी २८ दिवसांनी येणारी बाई जेव्हा ‘कालच चुकली’ म्हणते तेव्हा डॉक्टरांच्या हिशोबात चार आठवडे भरलेले असतात. ‘आत्ता कुठं महिना झालाय’ म्हणणारी बऱ्याचदा आठ आठवड्यांच्या पुढं असते.

उदाहरणच घ्या. शेवटची पाळी ३ जूनला सुरू झाली. पुढची १ जुलैला यायला हवी होती, आली नाही. ८ जुलैला किटवर तपासलं, तर त्या दिवशी पाच आठवडे पूर्ण. नऊ आठवडे ५ ऑगस्टला भरतात, बारा २६ ऑगस्टला, वीस २१ ऑक्टोबरला आणि चोवीस १८ नोव्हेंबरला. आपली तारीख धरून अशाच चार तारखा कॅलेंडरवर किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढं या लेखात जिथं आठवडे येतील तिथं या तारखा लावून बघा.

तारीख आठवत नसेल तर सणांवरून काढा. ऊसतोडीत किंवा तासगाव भागातल्या द्राक्षाच्या हंगामात पाळीची नोंद कोण ठेवतं? पण वटपौर्णिमेला वडाला जाता आलं होतं की ‘अडचण’ होती, घटस्थापनेला देवघरात कोण होतं, हे मात्र आठवतं. तेवढ्यावरून चार-पाच दिवसांच्या फरकानं अंदाज येतो. पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असाल आणि बाळंतपणानंतर पाळी सुरूच झाली नसेल, किंवा गर्भनिरोधक इंजेक्शनवर असाल तर असा हिशोब फसतो. तिथं सोनोग्राफीच लागते.

घरी तपासणी

लघवीची किट मेडिकलमध्ये मिळते. सरकारची ‘निश्चय’ किट आशाताईंकडं आणि आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळते. आशाताई भावकीतलीच असेल आणि बोभाटा होईल अशी भीती वाटत असेल तर शेजारच्या गावाच्या बाजारातून किट घ्या, त्यात काही वावगं नाही. पाळी चुकलेल्या दिवसापासून पुढं कधीही तपासता येतं. सकाळची पहिली लघवी घ्या. पाकिटावरची मुदत बघा. पाकिटावर सांगितलेले थेंब टाकून सांगितलेल्या मिनिटांतच निकाल वाचा, अर्ध्या तासानं उमटलेली फिकट रेघ धरू नका. वेळेत आलेली रेघ फिकट असली तरी दिवस गेलेत असंच समजा. रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपासा. खूप लवकर तपासणं आणि भरपूर पाणी पिऊन तपासणं, किट चुकायची ही दोन नेहमीची कारणं.

डॉक्टरांकडची पहिली भेट

या भेटीत तीन गोष्टी कळायला हव्यात: दिवस किती झाले, गर्भ पिशवीतच आहे का, आणि रक्त किती आहे.

गर्भ पिशवीत आहे का हे बघणं फार महत्त्वाचं. काही वेळा गर्भ नळीत राहतो. पोटात एका बाजूला दुखतं, थोडं थोडं अंगावरून जातं, चक्कर येते, कधी खांद्यात कळ येते. नळीतला गर्भ गोळ्यांनी पडत नाही. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेततं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणाऱ्या बाईला हेच कळत नाही. गोळ्या घेतल्या, थोडं रक्त गेलं, ‘झालं’ असं वाटलं, आणि आठवड्यानं ती बेशुद्ध पडते. अशी लक्षणं असतील तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

सोनोग्राफी फार लवकर, म्हणजे साडेचार आठवड्यांना केली तर पिशवीत काही दिसत नाही आणि आठवड्यानं पुन्हा बोलावतात. हा दवाखान्याचा पैसे काढायचा डाव नसतो. गर्भाभोवतीचं आवरण साधारण पाच आठवडे भरले की दिसायला लागतं. सोनोग्राफी केंद्रात फॉर्म एफ भरून घेतात, ओळखपत्र मागतात. ते गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळं, गर्भपाताच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन आणि रक्तगट बघतात. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर गोळ्यांचा मार्ग सहसा देत नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा, पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून ते देतात. डॉक्टरांना न विचारताही सांगायच्या गोष्टी: आधीचं सिझर, तांबी बसवलेली असेल तर ती, दमा, फिट्स, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार, बरेच दिवस चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करायची औषधं, आणि गेल्या काही दिवसांत मेडिकलमधून किंवा वैदूकडून घेतलेलं काहीही. शेवटची गोष्ट बायका लपवतात आणि नेमकी तीच डॉक्टरांना कळणं सगळ्यात गरजेचं असतं.

ठरवायचं कसं

रस्ते तीन आहेत. मूल ठेवणं, मूल जन्माला घालून दत्तक देणं, आणि गर्भपात.

विचाराला किती दिवस आहेत हे आधी बघा. सहा आठवडे झाले असतील तर एक आठवडा शांतपणे घ्या, काही बिघडत नाही. साडेआठ आठवडे झाले असतील आणि गोळ्यांचा मार्ग हवासा वाटत असेल तर हातात तीन-चार दिवसच आहेत, तेव्हा विचार चालू ठेवा पण केसपेपर आजच काढा. अकराव्या-बाराव्या आठवड्यात रोज उशीर होतो तसं काम थोडं थोडं अवघड होतं. अठराव्याला असाल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांशी बोलणं झालंच पाहिजे.

एक साधा उपाय करा. एकटं असताना कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा. हे मूल झालं तर पुढच्या दोन वर्षांत दिवसभर ते कोणाकडं असेल, नाव घेऊन लिहा. ‘घरचे बघतील’ असं मोघम नको. घरात येणारे पैसे किती, कोणाच्या हातात येतात? शिक्षण, नोकरी, आधीचं लहान मूल, स्वतःची तब्येत यांचं काय होईल? नवरा किंवा जोडीदार उद्या सोबत नसला तरी उत्तर हेच राहील का? गर्भपात केला तर एक वर्षानं मला काय वाटेल, आणि नाही केला तर काय? तीन दिवसांनी दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. उत्तरं जुळली तर मन बरंचसं ठरलेलं आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर बदललं असेल तर अडलंय तिथंच, आणि बोलायचं झालं तर त्यावरच बोला. कागद घरात ठेवणं धोक्याचं असेल तर फाडून टाका.

बोलायला एकच माणूस निवडा, असा की जो ‘तुला काय वाटतं’ हे आधी विचारील. सगळ्या जावांना विचारत बसलात तर प्रत्येकीचं मत कळेल, स्वतःचं तेवढं राहून जाईल. सरकारी रुग्णालयात समुपदेशक असेल तर तिच्याशी बोला. रात्री-अपरात्री मन फार अस्वस्थ झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

दबाव दोन्हीकडून येतो. ‘पाडून टाक’ म्हणणारा जोडीदार असतो, तशी ‘या खेपेला मुलगा असेल, ठेव’ म्हणणारी सासूही असते. डॉक्टरांना ‘मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय’ एवढं सांगा, चांगला डॉक्टर सोबतच्यांना बाहेर बसवतो. तुमच्या मनाविरुद्ध गर्भपात घडवून आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली मोठा गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. चहातून-जेवणातून गोळ्या दिल्या तरी तो यातच येतो. मारहाण, धमकी असेल तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांचा ११२.

भीती घालणाऱ्या दोन वाक्यांबद्दल. ‘पहिलं पाडलं की पुन्हा मूल होत नाही’ हे खरं नाही, नीट केलेल्या गर्भपातानं पुढच्या गरोदरपणाला बाधा येत नाही. बाधा येते ती अर्धवट राहिलेल्या आणि जंतुसंसर्ग झालेल्या गर्भपातानं. ‘आयुष्यभर पश्चात्ताप होतो’ हेही सरसकट खरं नाही. कुणाला सुटल्यासारखं वाटतं, कुणाला रडू येतं, बऱ्याच जणींना दोन्ही एकदम. रडू आलं म्हणजे निर्णय चुकला असं नसतं.

मूल ठेवायचं ठरलं तर नाव लवकर नोंदवा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझरसुद्धा, आणि त्यातली औषधं मोफत असतात. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. योजनेत बसणाऱ्या बायकांना पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. दत्तक द्यायचं असेल तर दवाखान्यातल्या आयाशी किंवा ओळखीच्या जोडप्याशी परस्पर ठरवू नका, ते बेकायदा ठरू शकतं. मूल बाल कल्याण समितीपुढं सोपवायचं असतं, आणि सोपवल्यावर मन बदललं तर दोन महिन्यांची मुदत कायद्यानं दिलेली आहे.

कायदा तुमच्या बाजूनं किती आहे

गर्भपाताचा कायदा १९७१ चा, आणि मोठी दुरुस्ती २०२१ ची. आज स्थिती अशी आहे.

वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. कारणं कायद्यात दिलेली आहेत. बाईच्या जीवाला किंवा शरीराच्या-मनाच्या आरोग्याला धोका, बाळात गंभीर व्यंग, बलात्कार, आणि गर्भनिरोधक फसणं. शेवटच्या कारणात २०२१ पासून ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ असा शब्द आहे, म्हणजे लग्न झालेलं नसलं तरी चालतं.

वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ठराविक स्त्रियांनाच परवानगी मिळते. यात अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, दिव्यांग, मानसिक आजार असलेल्या, बाळात व्यंग आढळलेल्या आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेल्या बायका येतात. कृष्णेचा २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवटचा मुद्दा समजावून सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही इथं तोच हक्क दिला, आणि या कायद्यापुरता नवऱ्यानं केलेला बलात्कारही बलात्कारच धरायचा असं सांगितलं.

चोवीस आठवड्यांनंतर बाळात मोठं व्यंग असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या मतानं. मंडळानं तीन दिवसांत मत द्यायचं असतं. बाईचा जीव वाचवायला तातडीनं करावं लागलं तर आठवड्यांची अट आड येत नाही.

सही कोणाची? अठरा पूर्ण असतील तर फक्त तुमची. नवऱ्याची सही कायद्यात कुठंही नाही, सासूची तर नाहीच. तरी काही खासगी दवाखाने नवऱ्याची सही मागतात, ‘उद्या भांडण नको’ म्हणून. तिथं ‘कायद्याच्या संमतीपत्रावर माझी एकटीची सही लागते’ असं शांतपणे म्हणा, ऐकलं नाही तर दुसरीकडं जा. भांडत बसून दिवस घालवू नका. वय अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते, आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यामुळं डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण २०२२ च्या त्याच निकालाप्रमाणं मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर कळवताना तिचं नाव-ओळख डॉक्टरनं सांगायची गरज नाही. हे न समजल्यामुळं घाबरलेल्या आया मुलींना भोंदूंकडं नेतात.

नाव गुप्त राहतं का? संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत बंद पाकिटात ठेवायचं, त्यावर ‘गोपनीय’ लिहायचं आणि इतर रजिस्टरमध्ये नावाऐवजी अनुक्रमांक लिहायचा, असा नियम आहे. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एक गोष्ट कायद्यात कुठल्याही आठवड्याला बसत नाही, ती म्हणजे मुलगी आहे म्हणून गर्भपात. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिथल्या खासगी दवाखान्यात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला, त्यातून ते प्रकरण बाहेर आलं. चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता. असल्या प्रकरणांनंतर तपासण्या कडक होतात, होणं रास्तच आहे. पण त्याचा ताप भलत्याच बायकांना होतो. बाराव्या आठवड्याच्या पुढची, आधीच्या दोन मुली असलेली बाई आली की डॉक्टर बिचकतात, आणि राज्यातले बरेच मेडिकलवाले गर्भपाताच्या गोळ्या ठेवतच नाहीत. तुमचं कारण कायद्यात बसत असेल तर बारा आठवड्यांनंतरही गर्भपात कायदेशीरच आहे, हे लक्षात ठेवा. नकार आला तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठा.

कुठं जायचं

सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. दोन्हीकडं स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर केसपेपर काढा. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. जत, आटपाडी, विटा, तासगाव इथल्या सरकारी दवाखान्यांतही विचारता येतं, पण आधी फोन करून स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते पक्कं करा. नाहीतर जतच्या पूर्व भागातून एसटीनं येऊन हात हलवत परत जावं लागतं.

खासगी दवाखान्यात गेलात तर भिंतीवर गर्भपात केंद्राचं मान्यता प्रमाणपत्र, फॉर्म बी, लावलेलं बघा. नसेल तर विचारा, ‘आहे हो कुठंतरी’ असं उत्तर आलं तर उठा. वैद्य, होमिओपॅथी, निवृत्त नर्स यांना कायद्यानं गर्भपात करता येत नाही. केला तर दोन ते सात वर्षं सक्तमजुरी. खर्च आधीच एकरकमी विचारा: सोनोग्राफी, रक्त तपासणी, औषधं, भूल, पंधरा दिवसांनंतरची तपासणी आणि गोळ्या फसल्या तर सक्शन, हे सगळं धरून किती? शेवटचं विचारायला विसरतात, आणि तिथंच बिल वाढतं.

गोळ्यांनी गर्भपात: नऊ आठवड्यांपर्यंत

या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. पाकिटात पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची आणि चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. पहिली गर्भाची वाढ थांबवते, बाकीच्या पिशवीला कळा आणून ती मोकळी करतात.

पहिल्या दिवशी दवाखान्यात मोठी, म्हणजे मिफेप्रिस्टोनची, गोळी पाण्याबरोबर. बऱ्याच जणींना त्या दिवशी काहीच होत नाही, थोडं मळमळतं. तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा, गोळी पुन्हा द्यावी लागू शकते. आणि मोठ्या गोळीनंतर काहीच झालं नाही म्हणून दुसऱ्या गोळ्या टाळू नका, खरं काम त्यांचंच आहे.

२४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल. किती गोळ्या आणि कुठं ठेवायच्या, जिभेखाली, गालात की योनीमार्गात, हे डॉक्टर दिवस बघून सांगतात. जिभेखाली किंवा गालात ठेवायला सांगितल्या तर अर्धा तास विरघळू द्या, मग उरलेलं पाण्यानं गिळा. हा दिवस निवडताना डोकं चालवा. बाजाराचा, जत्रेचा, पाहुण्यांचा दिवस नको. घरात संडास-बाथरूम जवळ हवं, सोबत एक जाणतं माणूस हवं, रात्रीही गाडी मिळेल आणि दवाखाना तासाभरात गाठता येईल अशा ठिकाणी राहा. गाव फार लांब असेल तर त्या रात्री सांगली-मिरजेतल्या नातेवाइकांकडं थांबा, नाहीतर दवाखान्यातच राहू द्या म्हणून सांगा.

काही तासांत ओटीपोटात कळा येतात, कंबर धरते, रक्त सुरू होतं. पाळीपेक्षा जास्त जातं, गाठी पडतात. थंडी वाजून अंग तापणं, जुलाब, उलटी हे पहिल्या दिवशी होऊ शकतं, ते गोळ्यांमुळं. दुखणं कमी करायला आयबुप्रोफेन चांगलं, पॅरासिटामॉलनं फारसं भागत नाही, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. गरम पाण्याची पिशवी चालते. कपड्याऐवजी पॅड वापरा, कारण पॅड मोजता येतात. मोठा स्राव एका दिवसात ओसरतो, पण थोडं थोडं अंगावरून जाणं दहा-बारा दिवस, काहींना त्याहून जास्त चालतं.

या खुणा दिसल्या तर लगेच दवाखाना, रात्र असली तरी:
- तासाला दोन किंवा जास्त मोठे पॅड पूर्ण भिजतात आणि असं सलग दोन तास होतं
- मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास उलटल्यावरही ताप आहे किंवा नव्यानं चढतो
- घाण वास येणारं पाणी जातं, पोट दाबलं की फार दुखतं
- चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, एका बाजूला जोराची कळ
- २४ तासांत रक्तच गेलं नाही, किंवा नुसता डाग लागला

शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणींचा गर्भपात गोळ्यांनी पुरा होत नाही आणि सक्शन करावं लागतं. यात त्यांची चूक नसते. ‘रक्त तर गेलं, आता कशाला जायचं’ म्हणून पंधराव्या दिवशीची तपासणी टाळणं हीच खरी चूक. गर्भ टिकून राहिला आणि कळलंच नाही तर मिसोप्रोस्टॉलमुळं बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून गोळ्या घेतल्यावर शेवटपर्यंत जावंच लागतं. फक्त पहिली गोळी घेऊन मन बदललं असेल तर दुसऱ्या घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. पंधराव्या दिवशी घरी किट लावून घाबरू नका. गर्भपात पुरा झाला तरी चार आठवड्यांपर्यंत किटवर रेघ येऊ शकते.

सक्शन

बायका याला अजून ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणं’ म्हणतात. जुन्या पद्धतीत धातूच्या चमच्यानं पिशवी खरवडायचे. आता बारा आठवड्यांपर्यंत नळीनं ओढून घेतात, हातानं चालवायच्या छोट्या पंपानं किंवा मशीननं. काम दहा-पंधरा मिनिटांचं, पिशवीच्या तोंडाशी बधिर करायचं इंजेक्शन देऊन होतं, संध्याकाळपर्यंत घरी. ‘खरवडणार की सक्शन?’ हे थेट विचारा. उत्तर पहिलं असेल तर दुसरा दवाखाना बघा. पूर्ण भूल देणार असतील तर सहा तास आधीपासून पोट रिकामं हवं. चहाही नको, हे सांगूनही चहा होतोच.

लांब राहणाऱ्या, घरात बारा दिवस रक्तस्राव लपवणं शक्य नसलेल्या आणि पुन्हा तपासणीला येणं अवघड असलेल्या बाईला नऊ आठवड्यांच्या आतही सक्शनच सोयीचं पडतं. हे फार कमी ठिकाणी समजावून सांगतात.

बारा आठवड्यांनंतर दाखल व्हावं लागतं. ठराविक तासांनी मिसोप्रोस्टॉल देऊन कळा आणतात, बाळंतपणासारखंच दुखतं, एक-दोन दिवस जातात. आधी सिझर असेल तर डोस वेगळा असतो, म्हणून ते आठवणीनं सांगा. सोबतीला खंबीर माणूस न्या.

घरी आल्यावर

दोन-तीन दिवसांत हलकी कामं करता येतात. बाळंतिणीसारखं महिनाभर पडून राहायची, कान बांधायची गरज नाही. शेतातलं ओझ्याचं काम आठवडाभर टाळता आलं तर बरं. लोहाच्या गोळ्या घ्या. रक्त थांबेपर्यंत संबंध, आणि योनीमार्गात काहीही घालणं टाळा.

पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात. बीजांड आठ-दहा दिवसांतही सुटतं. म्हणून गर्भनिरोधकाचं बोलणं त्याच भेटीत करा. माला-एन गोळ्या, छाया गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी, निरोध हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. सक्शननंतर तांबी त्याच वेळी बसवता येते. गोळ्यांनी झालं असेल तर पंधराव्या दिवशी सगळं पुरं झाल्याची खात्री करून. ‘आधी तांबी बसवा, ऑपरेशन करून घ्या, तरच गर्भपात करू’ अशी अट मात्र कोणालाही घालता येत नाही.

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. आठ आठवडे झाले तरी आली नाही तर किट पुन्हा लावा.